लिंबायतची मराठी शाळा आणि निकालाचा रकाना

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडची वर्तमानपत्रे शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांची नावे छापतात. मुख्याध्यापकांचे अभिनंदन होते, नाक्यावर फलक लागतात. त्या शाळेत कोणाची मुले बसली होती, पहिलीत किती होती आणि दहावीपर्यंत किती उरली, किती जणांना घरी अभ्यासाला बसायला कोपरा तरी होता, हे कोणी छापत नाही. मी सरकारी कचेरीत कारकून. वीसेक वर्षे रकाने भरतो आहे. बी. ए. ला मराठी साहित्य घेतले होते, त्याचा या कामात काडीचा उपयोग झाला नाही. पण एक गोष्ट नोकरीने पक्की शिकवली. शेवटच्या रकान्यातला आकडा आधीचे रकाने न वाचता वाचला, तर तो हमखास फसवतो.

आज लिहायचे आहे ते सुरतेच्या लिंबायत भागातल्या मराठी शाळांवर. गोव्यातल्या वाचकाला लिंबायतशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. आहे, आणि बरेच आहे. ते ओघात येईलच.

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, नाहीतर साड्या आणि हिरे. लिंबायत यातल्या कशातच दिसत नाही. रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला पसरलेली ही वस्ती. शेजारी उधना, डिंडोली, नवागाम, गोडादरा. अरुंद गल्ल्या, एकावर एक चढवलेल्या खोल्या, मधून जाणारी मीठी खाडी. नाव मीठी, पण पावसाळ्यात फुगली की घराघरांत शिरते. दुकानांच्या पाट्या गुजरातीत, बोलणे मात्र कानाला ओळखीचे. पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे, वाघ, बोरसे, ही आडनावे पावलोपावली. श्रावणात कानबाई बसते तेव्हा आपण जळगाव-धुळ्यात आहोत की गुजरातेत, असा प्रश्न पडावा. सगळे मराठीच आहेत असे मात्र नाही. मुसलमान वस्ती मोठी आहे, उत्तर प्रदेश-बिहारचे, ओडिशाचे, तेलंगणाचे लोक आहेत.

खानदेशातले लोक इथे का आले याचे उत्तर नकाशात आहे. तापी जळगाव-धुळ्याकडून वाहत येते ती सुरतेला समुद्राला मिळते, आणि तिच्या खोऱ्यातून विसावे शतक उजाडता उजाडता इंग्रजांनी सुरत-अमळनेर-भुसावळ असा रेल्वेचा रस्ता टाकला. अमळनेर-नंदुरबारच्या माणसाला मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळ. शेत पिकले नाही, की बिऱ्हाड उचलायचे आणि गाडीत बसायचे. २०११ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या ४४ लाखांच्या वर भरली, आणि दर हजार पुरुषांमागे बायका साडेसातशेच्या आसपास होत्या. म्हणजे एकटे पुरुष येऊन राहण्याचे हे शहर. खानदेशी माणूस त्यात थोडा वेगळा. तो बायकापोरांसकट येतो. म्हणून त्याला शाळा लागते.

माझी एक चुलत बहीण लग्न होऊन तिथे गेली. सासर मूळचे अमळनेरकडचे, भावोजी कापड मार्केटात मेहताजी, म्हणजे हिशेबनीस. तिच्याकडे दोन-तीनदा जाणे झाले. दुपारी गल्लीत बायका उंबऱ्यावर बसून साड्यांचे सुटे धागे कापत असतात, टिकल्या आणि खडे चिकटवत असतात. नगावर पैसे. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवते आणि आईच्या शेजारी बसते. हे मला कोणी सांगितलेले नाही, पाहिलेले आहे. तिला कामाला लावले असे आईलाही वाटत नाही. हाताला हात लागतो, एवढेच. पण त्या मुलीचा गृहपाठ आणि हॉटेलमालकाच्या मुलाचा गृहपाठ एकाच लाल पेनने तपासला जातो.

आता शाळांकडे येतो. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती तीनशेहून अधिक शाळा चालवते, आणि त्या सात माध्यमांत आहेत: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. मुंबई महापालिकाही अनेक माध्यमांच्या शाळा चालवते, पण मुंबई ही मुंबई आहे. गुजरातेतल्या एका पालिकेने ओडिया मजुराच्या मुलासाठी ओडिया शाळा आणि खानदेशी मजुराच्या मुलासाठी मराठी शाळा चालवावी, याचे कौतुक आपण मोकळ्या मनाने केले पाहिजे. घटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ साली लिहून ठेवले, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. किती राज्यांनी ते कागदाबाहेर आणले? महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर या एका कलमावरून किती पिढ्या भांडल्या! सुरतेत ते फारसा गाजावाजा न होता चालू आहे.

मग अडते कुठे? अडते ते या शाळांच्या निकालाबद्दल बोलताना. मार्केटातल्या चार मराठी माणसांत विषय काढा. एक म्हणेल, मराठी शाळा बिघडल्या. दुसरा म्हणेल, मास्तर शिकवत नाहीत. तिसरा म्हणेल, मराठीत शिकून पुढे होणार काय? आणि चौघांचीही मुले एव्हाना खाजगी इंग्रजी शाळेत असतील. इथेच सगळी मेख आहे. ज्याच्या खिशात दोन पैसे आले तो आधी मुलाची शाळा बदलतो. मराठी शाळेत उरतो तो नुकताच गाडीतून उतरलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा, वर्षातून दोनदा गावी जाणारा. शाळा तीच, मास्तर तेच, फळा तोच. बाकांवरची मुले मात्र दर दहा वर्षांनी अधिक गरीब घरातली होत जातात. निकाल खाली आला तर शाळा बिघडली म्हणायचे, की शाळेने अधिक जड ओझे उचलले म्हणायचे? टक्केवारी याचे उत्तर देत नाही.

याच महापालिकेच्या उत्राण-मोटा वराछा भागातल्या काही शाळांत प्रवेशासाठी पालकांची झुंबड उडाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्या. पालिकेच्या शाळेसाठी रांग! पगारश्रेणी तीच, समिती तीच. पण तो सौराष्ट्रातून येऊन हिऱ्यांत आणि कापडात स्थिरावलेल्या पाटीदारांचा भाग. आईबाप शिकलेले, घर स्वतःचे, शाळेत काही कमी पडले तर चार जण मिळून जाब विचारायला जाणारे. लिंबायतच्या बापाला जाब विचारायला सुटी काढावी लागते, आणि मार्केटात सुटी म्हणजे त्या दिवसाचा रोजगार बुडाला.

अमेरिकेत चार्टर शाळा नावाचा प्रकार आहे. १९९१ साली मिनेसोटा राज्याने त्यासाठी पहिला कायदा केला. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा, आणि निकाल दाखवला नाही तर सनद रद्द. तिथे या शाळांवर मोठा वाद चालतो, आणि त्यातला निम्मा वाद हाच असतो, की तुमच्या शाळेचे गुण बरे दिसतात, पण तुमच्याकडे मुले कोणती येतात? म्हणून तिथे शाळेच्या गुणांशेजारी तिथली मुले कोणत्या वंशाची, किती जणांच्या घरी इंग्रजी नाही, किती जणांना गरिबीमुळे फुकट किंवा सवलतीचे जेवण मिळते, हे आकडे मांडलेले असतात. १९६६ साली जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सरकारसाठी प्रचंड पाहणी केली. मुलाच्या गुणांमागे इमारत आणि खर्च यांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असतो, असे त्यात निघाले. यावर तिथे अजून भांडतात. भांडू देत. निदान भांडायला आकडे तरी आहेत.

आपल्याकडे आकडे नाहीत असे समजू नका. आकड्यांचा पूर आहे. शाळांची माहिती युडायसमध्ये भरली जाते: मुले, मुली, जातगट, माध्यम, खोल्या, नळ, संडास. गुजरातेत २००९ पासून गुणोत्सव सुरू झाला, मंत्री आणि अधिकारी शाळेत जाऊन मुलांचे वाचन-गणित तपासू लागले, शाळांना श्रेणी मिळू लागली. गांधीनगरात विद्या समीक्षा केंद्र आहे, तिथे पडद्यावर राज्यभरातली हजेरी दिसते, एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधानांनीही ते जाऊन पाहिले. पण लिंबायत या सगळ्यात कुठे शोधायचे? 'असर'ची पाहणी गाजते, पण ती खेड्यांतली. शहरातली झोपडपट्टी तिच्या कक्षेतच नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये झाले, त्याचा निकाल जिल्ह्याचा. सुरत जिल्ह्याच्या सरासरीत हिऱ्यांच्या कारखानदाराचे पोर आणि लिंबायतच्या हमालाचे पोर एकाच डब्यात. खेड्याच्या पाहणीत ते नाही, कारण ते शहरात आहे. जिल्ह्याच्या पाहणीत ते आहे, पण दिसत नाही.

आणि निकालाचा आकडा तरी किती भरवशाचा? गुजरात बोर्डाचा दहावीचा निकाल २०२३ साली ६४.६२ टक्के लागला आणि २०२४ साली ८२.५६ टक्के. एका वर्षात राज्यातली मुले अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असे बोर्डही म्हणणार नाही. मराठी शाळेचा निकाल मागच्या वर्षापेक्षा पाच टक्के कमी म्हणून डोक्याला हात लावणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आता भाषेचे सांगतो. हा भाग गोव्याच्या माणसाला महाराष्ट्राच्या माणसापेक्षा लवकर कळेल, अशी माझी खात्री आहे. लिंबायतची मराठी शाळा म्हणजे मातृभाषेतली शाळा, असे सगळे धरून चालतात. पण त्या मुलांच्या घरी बोलतात ती अहिराणी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी नोंद आहे आणि ती आपली भाषा म्हणून सांगणारे १८ लाखांच्या वर आहेत. आपली भाषा विचारल्यावर 'मराठी' असे सांगणारे अहिराणीवाले त्याहून वेगळे. घरी 'माले, तुले' म्हणणारे पोर शाळेत 'मला, तुला' लिहिते. आमच्याकडे 'म्हाका, तुका' म्हणणाऱ्या पिढ्यांनी हेच केले. फरक एवढाच, की आम्हाला त्या दोन भाषांमधले अंतर ठाऊक होते, त्यावर आम्ही पन्नास वर्षे कडाक्याचे वाद घातले, राजभाषेचा कायदा १९८७ साली करून घेतला. अहिराणीच्या मुलाचे अंतर कोणी मोजलेलेच नाही. त्याने 'मी जातो'च्या जागी चुकीचे रूप लिहिले की शिक्षक तांबडी रेघ मारतो. तो परक्या भाषेत लिहायला शिकतो आहे असे कोणी म्हणत नाही, त्याला स्वतःची भाषा येत नाही असे म्हणतात.

त्यावर गल्लीत हिंदी. शाळेत इंग्रजी. आणि गुजराती, जिची अक्षरे आपल्यासारखीच पण डोक्यावरची रेघ नसलेली, आणि काही अगदी वेगळी. २०२३ साली गुजरात विधानसभेने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची करणारा कायदा एकमताने केला. यात मला काही वावगे वाटत नाही. महाराष्ट्राने २०२० साली मराठीसाठी हेच केले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या. ज्या गावात राहायचे त्या गावची भाषा यायला हवी. पण बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर अहिराणी, मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी एवढे बिऱ्हाड आणि तीन लिपी आहेत, हे त्याच्या प्रगतिपुस्तकात कुठेही दिसत नाही. महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून केवढे रान उठले, सरकारला जूनअखेरीस ते आदेश मागे घ्यावे लागले. लहान मुलावर भाषांचा भार नको, असे तेव्हा मोठमोठे लोक बोलले. लिंबायतच्या मुलाबद्दल त्यांच्यातला कोणी चार ओळी लिहील तर बरे.

मधल्या वर्गांचे, म्हणजे सहावी ते आठवीचे, दुखणे आणखी निराळे. पूर्वी गुजरातेत प्राथमिक शाळा सातवीपर्यंत होती, शिक्षण हक्क कायदा आल्यावर आठवीपर्यंत झाली. त्या कायद्याप्रमाणे सहावीपासून विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांना वेगवेगळे शिक्षक हवेत. मराठीतून विज्ञान शिकवणारा शिक्षक सुरतेत कुठून यायचा? तो तिथल्याच मराठी शाळेतून वर आलेला असला पाहिजे, आणि तो मुलगा पुढे कॉलेजात गेला तो गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात. म्हणजे मराठीत शिकवायला परत यायचे तर त्याने स्वतःच सगळे उलटे भाषांतर करायचे. गुजरातचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठी माध्यमासाठी पुस्तके छापते, ही चांगली गोष्ट आहे. पण पुस्तक असणे आणि ते समजावून सांगणारा माणूस असणे यांत अंतर आहे.

आणि आठवी झाली की पुढे काय? महापालिकेची 'सुमन' हायस्कुले आहेत, काही खाजगी मराठी माध्यमिक शाळा आहेत. पण पहिलीला जेवढे दरवाजे होते तेवढे नववीला नाहीत, आणि अकरावी-बारावीला, त्यातही विज्ञानाला, ते आणखी कमी. मुलगे मार्केटात घड्या घालायला, पार्सले बांधायला किंवा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर जातात. मुलींसाठी उंबऱ्यावरचे काम आहेच. शाळेच्या निकालात हे येत नाही, कारण जो परीक्षेलाच बसला नाही तो नापासही होत नाही. शंभर टक्के निकालाच्या यादीकडे मी संशयाने पाहतो तो याच कारणाने. नववीत गळती किती, हे विचारल्याशिवाय दहावीचे अभिनंदन करू नये.

जातीच्या रकान्याची गोष्ट तर खास कारकुनी आहे, पण सांगतोच. नंदुरबारकडचा आदिवासी किंवा जळगावचा दलित सुरतेत येऊन राहिला, की त्याचे जातीचे प्रमाणपत्र सोबत येते, सवलत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितले, की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा राज्यापुरता असतो, दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्याला तो आपोआप मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यात तर्क आहे. पण शाळेच्या फॉर्ममध्ये मग त्या मुलाला कुठे बसवायचे? राज्याच्या शिष्यवृत्तीला ते पात्र नाही म्हणून सर्वसाधारणमध्ये टाकले, तर कागदावर ते सुखवस्तू घरातल्या पोराच्या शेजारी जाऊन बसते. वर कोणी साहेब तक्ता पाहून म्हणणार, या शाळेत मागास मुले कमी, तरी निकाल असा का? आमच्या कचेरीतही कर्नाटकातून आलेले लोक याच कागदासाठी येतात. त्यांना परत पाठवताना नियम सांगावा लागतो. नियम सांगून झाला तरी माणूस दोन मिनिटे खिडकीशी उभाच राहतो.

आता गोव्याचे. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, त्या बहुतेक मराठी. माझी पिढी त्यांतच शिकली. आज त्या शाळांत कोणाची मुले आहेत, हे कोणत्याही भागशिक्षणाधिकाऱ्याला विचारा. पट कमी म्हणून कितीतरी बंद झाल्या, आणि ज्या चालू आहेत त्यांतल्या अनेक विजापूर-बागलकोट-गदगहून आलेल्या बांधकाम मजुरांच्या, उत्तरेतून आलेल्या सुरक्षारक्षकांच्या मुलांमुळे चालू आहेत. आमची मुले कुठे गेली? २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचे ठरले, त्याविरुद्ध आम्ही रस्त्यावर उतरलो, भाषणे केली. उतरलेल्यांतल्या अनेकांची मुले तेव्हाच इंग्रजीत होती, हे उघड गुपित आहे. आणि आज तेच आम्ही म्हणतो, सरकारी शाळांत काय, सगळी भायल्यांची पोरे!

हेच वाक्य लिंबायतच्या मराठी पोरांबद्दल सुरतेतला एखादा शेठ म्हणाला, तर आपल्याला कसे वाटेल? तिथे आपली मराठी भायल्यांची भाषा आहे, इथे कन्नड घरातले मूल आपल्या मराठी शाळेत बसून 'अ आ इ' गिरवते आहे. कन्नड घर, कोकणी रस्ता, मराठी शाळा, वर इंग्रजी. लिंबायतच्या पोराचे ओझे आणि पर्वरी-चिंबलच्या त्या पोराचे ओझे तोलून पाहिले, तर काटा फारसा हलणार नाही. गोव्यात मराठी शाळा कोणी जिवंत ठेवली याचा प्रामाणिक हिशेब मांडला, तर त्यात या मुलांचे नाव वर येईल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. गरिबांची मुले आहेत म्हणून कमी निकाल चालवून घ्यायचा का? मास्तरांना ही आयती पळवाट नव्हे का? अजिबात चालवून घ्यायचा नाही. शिक्षक वर्गात येत नसेल तर त्याला मुलाच्या गरिबीचा आडोसा मिळता कामा नये. म्हणूनच मुलगा कुठून निघाला आणि कुठवर पोचला, हे दोन्ही लिहा असे मी म्हणतो. तिसरीत अक्षरओळख नसलेले मूल सहावीत धडा वाचू लागले, तर त्या शाळेने मोठे काम केले, मग तिची सरासरी वराछाच्या शाळेपेक्षा कमी का असेना. आणि हुशार मुले घेऊन ती होती तिथेच ठेवणाऱ्या नामांकित शाळेचे पितळ याच तक्त्यात उघडे पडेल. नामांकित शाळांना असा तक्ता का नको असतो, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप आपल्या मराठीप्रेमी मंडळींचा. बृहन्महाराष्ट्रात मराठी टिकली पाहिजे, म्हणून शाळा टिकली पाहिजे. मला हे वाक्य उलटे वाटते. लिंबायतमधल्या हमालाने आपले मूल पणाला लावून आपल्यासाठी मराठी टिकवावी, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपण आपल्या मुलांबाबत ते केले नाही. मुलाला कळते त्या भाषेत त्याने वाचायला-लिहायला शिकावे, हे शास्त्र आहे, शिक्षण हक्क कायद्यातही शक्यतो मातृभाषेतून असे लिहिले आहे, आणि म्हणून मराठी शाळा हवी. पण मग पुढचीही सोय हवी. एक तर बारावीपर्यंत, विज्ञान-वाणिज्यासकट, मराठीतून शिकता आले पाहिजे. नाहीतर पाचवीपासून गुजराती आणि इंग्रजी इतक्या नीट शिकवल्या पाहिजेत, की नववीत माध्यम बदलताना मूल आपटणार नाही. दोन्ही करायचे नसेल, तर पहिलीत नाव घालायला आलेल्या बापाला तसे तोंडावर सांगावे. अर्ध्या जिन्यावर नेऊन सोडणे मला पटत नाही.

लिंबायतच्या मराठी माणसाला राजकारणात वजन नाही असेही नाही. २००८ च्या पुनर्रचनेत लिंबायत हा वेगळा विधानसभा मतदारसंघ झाला, तिथून संगीता पाटील २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तिन्ही वेळा निवडून आल्या. तो भाग येतो नवसारी लोकसभा मतदारसंघात, तिथले खासदार सी. आर. पाटील मूळ जळगाव जिल्ह्यातले, केंद्रात मंत्री आहेत. एवढे पाटील असताना नववीच्या तुकडीसाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागू नयेत. आणि ज्या नवसारीच्या नावाचा हा मतदारसंघ, ती नवसारी एकेकाळी बडोदे संस्थानात होती. तिथल्या मराठी राजाने, सयाजीराव गायकवाडांनी, १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेही प्रजेच्या गुजराती भाषेत. गुजरातेतल्या एका पालिकेने आज मराठी शाळा चालवणे, ही मी त्या व्यवहाराची परतफेड समजतो. परतफेड हप्त्याहप्त्याने होत असते. आठवीपर्यंतचा हप्ता आला, पुढचे येणे बाकी आहे.

मला विचाराल तर प्रत्येक शाळेच्या दारावर निकालाच्या फलकाशेजारी आणखी एक फलक लावावा. पहिलीत किती आले, आठवीला किती उरले, घरची बोली कोणती, किती मुलांनी वर्षात शाळा बदलली, आखाजीला आणि दिवाळीला गावी गेलेली किती परतली. यातली बरीचशी माहिती शिक्षक आताही भरतात, भरून भरून त्यांचा जीव मेटाकुटीला आला आहे. ती वर जाते आणि वरच राहते. ती खाली, दारावर यायला फार तर एक पत्रा आणि रंगाचा डबा लागेल. गोव्यातही लावावा. आमच्या शंभर टक्केवाल्या शाळांपासूनच सुरुवात करायला हरकत नाही.

बहिणीची मुलगी यंदा आठवीत आहे, लिंबायतच्याच मराठी शाळेत. गणितात बरी आहे, तिला विज्ञान घ्यायचे आहे. भावोजींचे अजून ठरत नाही. गुजराती माध्यमाच्या एका हायस्कूलचा प्रवेश अर्ज घरात आणून ठेवला आहे. परवा रात्री फोन आला, "दादा, तुम्ही कचेरीतले, जरा सांगा. इथे मातृभाषा विचारली आहे. घरात आमची अहिराणी, तुमच्या बहिणीची कोकणी, शाळा मराठी. काय भरू?" मी म्हटले, मराठी भरा, आणि खाली जागा असेल तर घरी बोलतात ती अहिराणी असेही लिहा. जागा आहे का ते पाहून सांगतो म्हणाले.